अण्णांची ऑक्टाव्हिया आणि तिचे ऑईल

आमच्या सांगली-सातारा भागात ‘ऑईल इंजिन’ हा शब्द मोटारगाडीच्या आधी घराघरांत पोचला. विहिरीवर, गुऱ्हाळात, पिठाच्या गिरणीत या इंजिनाचा ठोका ऐकत दोन-तीन पिढ्या वाढल्या. सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला, तो पुढे वालचंद समूहाकडे गेला. कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. सोलापूरच्या ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करून स्वदेशी मोटारीचा ध्यास घेतला, त्यांचेच नाव सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे मिळाले. तेव्हा आपल्या व्यापारी घरांतील एखादा माणूस हिशेबाची वही बाजूला ठेवून इंजिनाविषयी लिहू लागला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आमची पेढी तर पंप आणि ऑईल इंजिनांच्या सुट्या भागांचीच. आजोबांनी गणपती पेठेत दुकान मांडले तेव्हा पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि पॅकिंग एवढाच माल होता. गिऱ्हाईक इंजिन बिघडल्याची तक्रार घेऊन आले की आजोबा भाग दाखवण्याआधी विचारीत, “ऑईल आणलंय का थोडं?” शेतकरी बाटलीच्या बुचातून चार थेंब आणी. आजोबा ते अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळीत, वास घेत, उजेडात धरीत आणि मग कोणता भाग द्यायचा ते ठरवीत. नाडीपरीक्षाच ती. ही सवय वडिलांकडे आली, वडिलांकडून आम्हा दोघा भावांकडे. थोरले अण्णा साताऱ्याची शाखा पाहू लागले आणि मी सांगलीतच राहिलो.

अण्णांना वेगाचे वेड होते, हे आता सांगायला हरकत नाही. वडील हयात असेतो त्यांनी ते वेड खिशात ठेवले. नंतर मात्र कोल्हापूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी स्कोडाची ऑक्टाव्हिया आर एस विकत घेतली. ही गाडी आपल्या महाराष्ट्रातच, औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जात असे. पेट्रोलचे १.८ लिटरचे इंजिन, चार सिलिंडरांना मिळून वीस व्हॉल्व्ह, वर टर्बो आणि १५० अश्वशक्ती. त्या काळात आपल्या रस्त्यांवर एवढा जोर असलेल्या घरगुती मोटारी फारच थोड्या होत्या. अण्णा साताऱ्याहून सांगलीला येत तेव्हा गाडीच्या आवाजावरूनच आमच्या गल्लीला कळे. २०१९ च्या महापुरात आमच्या दुकानातला तळचा माल पाण्यात गेला, पण ती गाडी साताऱ्यात होती म्हणून वाचली. अण्णा म्हणत, “बघ, लक्ष्मी उंचावर ठेवावी.” पुढे अण्णाच गेले आणि गाडी दीड-दोन वर्षे आच्छादनाखाली उभी राहिली.

प्रश्न उभा राहिला तो अण्णांचा मुलगा साताऱ्याची शाखा सांभाळू लागल्यावर. आठवड्यातून दोनदा त्याला सांगलीला यावे लागते. साताऱ्याहून उंब्रज, कऱ्हाड, पेठनाका, आष्टा या वाटेने साधारण सव्वाशे किलोमीटरचा प्रवास आहे आणि परतायला बहुधा रात्र होते. वडिलांची गाडी चालवायची त्याची इच्छा होती. एका मोठ्या कार्यशाळेने गाडी न उघडताच नवे इंजिन बसवण्याचा सल्ला दिला आणि जो आकडा सांगितला, तेवढ्यात दुसरी गाडी आली असती. पुण्याचा एक शौकीन गाडी आहे त्या स्थितीत विकत घ्यायला तयार होता. वहिनींनी मला बोलावून घेतले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, गाडी ठेवायला माझी ना नाही. विकायला मलाही जड जाईल. पण रात्री पेठनाक्याच्या पुढे गाडी बंद पडली असा याचा फोन मला एकदाही यायला नको. तशी खात्री तुम्ही देत असाल तर ठेवा. नाहीतर पाडव्याच्या आत देऊन टाका.”

पुतण्या सांगलीच्या त्याच महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकी शिकलेला. त्याचे उत्तर तयार होते. “काका, या इंजिनांचा शत्रू एकच, तापलेलं ऑईल. मोठा ऑईल कूलर बसवू, मोठा फिल्टर लावू, मग काळजी नाही.” त्याचे निदान चुकीचे नव्हते, पण आमच्या पेढीवर रोग आणि औषध एका दमात सांगण्याची पद्धत नाही.

ऑईलचे काम केवळ घसरण राखणे एवढेच असते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते धातूची झीज रोखते, कचरा वाहून नेते आणि पाणी जिथे पोचत नाही तिथली उष्णताही उचलून आणते. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो फिरतो ऑईलच्या पातळ थरावर. त्याच्या शेजारी लालबुंद तापणारे घर असते. ऑईल साधारण ९० ते ११० अंशांच्या दरम्यान असले की इंजिन सुखी असते. १३० च्या पुढे ते झपाट्याने म्हातारे होऊ लागते, कारण तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे ऑक्सिडीकरण ढोबळमानाने दुप्पट होते. असे करपलेले ऑईल पुढे काळ्या लगद्यात बदलते. याच कुळातले १.८ टर्बो इंजिन फोक्सवॅगनच्या पसाटमध्ये होते. तिथे ते लांबीच्या दिशेने बसवलेले असून त्यात ऑईलही कमी मावे. अमेरिकेत लगद्याच्या तक्रारी इतक्या आल्या की २००४ मध्ये कंपनीने त्या बिघाडासाठी हमीची मुदत आठ वर्षांपर्यंत वाढवली. ऑक्टाव्हियात इंजिन आडवे बसते, ऑईल साडेचार लिटरच्या आसपास मावते आणि त्यामुळे ती बरीच सुरक्षित, पण तिलाही खराब ऑईल आणि लांबवलेली मुदत सोसत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. ऑईल पुरेसे तापलेच नाही तर ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल त्यातून उडून जात नाही. घरापासून मार्केट यार्डापर्यंत आणि परत, एवढेच जिचे फिरणे, त्या गाडीचे ऑईल थंडीत आजारी पडते. झाकणाच्या आतून पिवळट साय धरते ती याचीच. म्हणून कूलर जितका मोठा तितका चांगला, हे म्हणणे मला तपासल्याशिवाय मान्य नव्हते.

आधी गाडी उघडली. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीलगत एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांचे हात कूपर इंजिनांवर घडलेले. त्यांनी ऑईल काढून बोटांत चोळले तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. “शेठ, हे ऑईल नव्हे, काढा झालाय,” ते म्हणाले. चेंबर उतरवल्यावर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी दिसली. तिचा निम्मा भाग काळ्या खरपुड्यांनी बुजला होता. अण्णांच्या फायलीत बिले नीट लावलेली होती. त्यांवरून कळले की शेवटची काही वर्षे कुठल्याशा गॅरेजात ऑईल बदलले गेले ते फार उशिराने, आणि बिलावर ऑईलचा दर्जा कधीच लिहिलेला नाही. या इंजिनाला कंपनीने ठरवलेला ५०२.०० हा दर्जा पाळणारे संपूर्ण कृत्रिम ऑईल लागते. किराणा दुकानात ‘तेल द्या’ म्हटल्यावर करडईऐवजी कोणतेही तेल बांधून दिले तर आपण परत करू. गाडीच्या बाबतीत मात्र आपण डब्यावरची अक्षरे वाचत नाही.

मोठ्या कार्यशाळेने नवे इंजिन सांगितले होते. मिस्त्रींनी बेअरिंगा काढून पाहिल्या, त्या शाबूत होत्या. जाळी बदलली, चेंबर खरवडून धुतले, ऑईल पंप तपासला. आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली. कूलंटच्या बाटलीत पांढरा कागद बुडवून त्यांनी तो उन्हात धरला, तर त्यावर पुसटसा तेलकट रंग चढलेला. या गाडीत फिल्टरच्या वरच जाड चकतीसारखा एक ऑईल कूलर मुळातूनच असतो. त्याच्या आतल्या पदरांतून एका बाजूने ऑईल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते. तो दोन्ही कामे करतो. सकाळी कूलंट लवकर तापते तेव्हा तो ऑईलला ऊब देतो आणि नंतर ऑईल जास्त तापले की उष्णता कूलंटकडे सोपवतो. वीस वर्षांनी त्याच्या आतले सांधे थकले तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. इंजिन चालू असताना ऑईलचा दाब कूलंटपेक्षा बराच अधिक असतो, म्हणून आधी ऑईल पाण्यात उतरते. गाडी बंद केल्यावर मात्र तापलेल्या कूलंटचा दाब थोडा वेळ टिकतो आणि मग पाणी ऑईलकडे सरकू शकते. हे दुसरे अधिक घातक. मूळ कूलर आणि त्याची ओ रिंग नवी आणली, कूलंटचा सारा मार्ग धुऊन घेतला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच होते, आणि त्यात शौकाचा भाग काडीचाही नव्हता.

आता फिल्टर. याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी गाडी आहे आणि फिल्टर ही वस्तू आपण डोळे झाकून घेतो.

आमच्या आजीचे पाणी गाळण्याचे कापड मला अजून आठवते. जाड, दुहेरी, उजेडात धरून पाहिलेले. घागरीच्या तोंडावर ते बांधून आजी सावकाश पाणी ओतीत असे. पाणी थेंबाथेंबाने गळे आणि तिला घाई नसे. लहानपणी मला वाटे की ऑईलचा फिल्टरही असाच असेल, कापड जितके घट्ट तितके चांगले. इंजिनाची अडचण अशी की ते थांबू शकत नाही. कागद फार घट्ट असेल किंवा कचऱ्याने बुजला असेल, तर ऑईल पलीकडे पोचण्यास विलंब होईल आणि तेवढ्यात बेअरिंग कोरडे पडेल. म्हणून फिल्टरमध्ये स्प्रिंगची एक आडवाट ठेवलेली असते. दाबातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि ऑईल न गाळताच पुढे जाते. घाण ऑईल चालेल, पण ऑईलच नाही हे चालणार नाही, असा तो हिशेब. ही स्प्रिंग कमकुवत असली तर आडवाट सदा उघडी राहते आणि फिल्टर नावापुरता उरतो.

गाडीतून काढलेला जुना फिल्टर आम्ही पत्र्याच्या कातरीने कापून पाहिला. करवत मुद्दाम वापरली नाही. करवतीचा चुरा आत पडतो आणि मग कचरा कोणाचा हे कळत नाही. आत कागदाच्या घड्या एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. एके ठिकाणी डिंक सुटून फट पडलेली, स्प्रिंग बोटाने सहज दबणारी. वरचा शिक्का नामांकित होता, आतला माल निश्चितच नकली होता. सुट्या भागांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा माल पाहून जो संताप येतो, तो गिऱ्हाइकाच्या संतापाहून वेगळा असतो.

नवा फिल्टर आणायला पुतण्या सांगलीत एका दुकानात गेला. काउंटरवरच्या मुलाने दिसायला हुबेहूब असलेला, आकाराने थोडा मोठा फिल्टर काढून दिला. “बसतोय, सगळे हाच नेतात,” असा निर्वाळाही दिला. पुतण्याने तो माझ्याकडे आणला. मी व्हर्नियर घेतला. या गाडीच्या नळीवरचा आटा पाऊण इंचाचा, म्हणजे १९.०५ मिलिमीटर व्यासाचा आणि इंचाला १६ वेढ्यांचा आहे. हातातल्या फिल्टरचा आटा २० मिलिमीटरचा आणि दीड मिलिमीटर वेढ्याचा होता. कित्येक जपानी गाड्यांना हाच लागतो. दोहोंत जेमतेम एका मिलिमीटरचा फरक. मोठा आटा लहान नळीवर चढतो, दोन-चार वेढे फिरतो, मग अडखळतो आणि घट्ट बसल्याचा भास होतो. खरी पकड मात्र आट्याच्या टोकांचीच असते. तापलेल्या इंजिनात चार-पाच बार दाबाखाली असा फिल्टर सुटला तर काही क्षणांत सारे ऑईल रस्त्यावर. वहिनींना नको असलेला फोन नेमका असाच आला असता. मी तो फिल्टर परत पाठवला आणि त्या दुकानदारांना दूरध्वनीवरून आट्याचा फरक समजावून सांगितला. त्यांनी तो मनावर घेतला, हेही सांगितले पाहिजे.

‘मोठा फिल्टर’ ही पुतण्याची कल्पना तत्त्वतः योग्य होती. याच आट्याचे, याच वर्तुळाच्या पॅकिंगचे अधिक उंचीचे फिल्टर मिळतात. त्यात कागद अधिक, म्हणून तो उशिरा बुजतो. या इंजिनाच्या शौकिनांत तो बदल जुना आहे. आट्याबरोबर पॅकिंगचा व्यास, आडवाटेच्या स्प्रिंगचा दाब आणि ऑईल मागे गळू न देणारा रबरी पडदा एवढे जुळले की झाले. पण आम्हाला वाढीव कूलरही बसवायचा असेल तर त्यासाठी मूळ कूलर आणि फिल्टर यांच्यामध्ये एक चकती घालावी लागते, तिला सँडविच प्लेट म्हणतात. तिच्या जाडीइतका फिल्टर खाली येतो. लाकडी पट्टी लावून मोजले तेव्हा दिसले की चकती आणि उंच फिल्टर दोन्ही घातले तर फिल्टरचे बूड गाडीच्या पोटाखालच्या आच्छादनाला टेकते. आष्ट्याच्या अलीकडचे गतिरोधक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. दोहोंपैकी एकच निवडायचे होते.

मग मी पुतण्याला सांगितले की महिनाभर मोजू. गाडीतला तापमानाचा काटा कूलंटचा असतो आणि तो मुद्दाम असा बांधलेला असतो की बऱ्याच फरकापर्यंत मध्यावरच उभा राहावा, चालकाने घाबरू नये. ऑईल किती तापले हे तो सांगत नाही. म्हणून आधी केवळ चकती आणि तिच्यातला तापमापक बसवला, कूलर न जोडता तोंडे बंद केली. पुतण्याने वही केली. साताऱ्यात बाजारापुरते फिरले तर ८० च्या अलीकडेच. कऱ्हाड ते पेठनाका हमरस्त्यावर सरळ चालीने ९८ ते १०२. वैशाखात वाईहून पसरणी घाट चढताना, गाडीत चौघे आणि वातानुकूलन चालू, ११९. यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना पुढे एस टी लागली, दुसऱ्या गियरमध्ये वेग कमी, वारा कमी, तेव्हा १२६. कासला जाणारे पर्यटक फुले पाहतात, आम्ही काटा पाहत होतो.

वही समोर ठेवल्यावर वाद मिटला. सातारा-सांगली रस्त्यासाठी वाढीव कूलरची गरज नव्हतीच. मूळ कूलर नीट असला की पुरे. घाटासाठी मात्र होती, आणि सणासुदीला कुटुंब घेऊन घाट चढणे हे आमच्या घरी अपवादात्मक नाही. पुतण्याला एकोणीस ओळींचा रुंद कूलर हवा होता. मी दहा ओळींचा सुचवला आणि चकती उष्णतेप्रमाणे उघडणारी असावी असा आग्रह धरला. साधारण ८० अंशांपर्यंत ती ऑईलला कूलरकडे नाममात्रच जाऊ देते, पुढे हळूहळू वाट मोकळी करते. ही सोय नसलेला कूलर थंडीत बाजारहाटाला निघालेल्या गाडीचा शत्रू ठरतो. उंच फिल्टर सोडून दिला. मूळ उंचीचाच, पण अस्सल फिल्टर लावून दर पाच हजार किलोमीटरला बदलायचे ठरले. पुतण्या थोडा हिरमुसला, पण अभियंता आहे, आकड्यांशी भांडला नाही.

नळ्यांच्या बाबतीत मिस्त्री आणि मी दोघेही हट्टी निघालो. पेट्रोलची रबरी नळी आणि पट्ट्याचा क्लिप लावून कूलर जोडणारे मी पाहिले आहेत. तो मार्ग आम्ही विचारातही घेतला नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत खोदाई यंत्रांच्या आणि साखर कारखान्यांच्या हायड्रॉलिक नळ्या दाबून बनवून देतात, काम उत्तम करतात. त्यांची नेहमीची नळी आमच्या दाबाच्या कित्येक पट दाब सोसणारी होती. मात्र तिच्या अंगावर छापलेली उष्णतेची मर्यादा १०० अंश होती. आमचे ऑईल घाटात त्याच्या पुढे जाणार. दाबाचा आकडा पाहून माणूस निर्धास्त होतो आणि दुसरा आकडा वाचतच नाही. आम्ही १५० अंश सोसणारी नळी मागवून घेतली. त्यासाठी बारा दिवस थांबावे लागले.

बसवण्याचे काम एका दिवसाचे. या गाडीत टर्बो आणि धुराडे इंजिनाच्या मागच्या अंगाला, फिल्टर पुढच्या अंगाला. त्यामुळे नळ्या उष्णतेपासून दूर ठेवणे सोपे गेले. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर उजव्या चाकापुढच्या कोपऱ्यात असतो, म्हणून नवा कूलर डावीकडे, खालच्या जाळीमागे, रबरी बुशांवर बसवला. तोंडे वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे आत हवा कोंडत नाही. पुढे बारीक जाळी लावली, कारण ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांमागून उडणारे खडे काही विचारून येत नाहीत. नळी जिथे पत्र्याजवळून जाते तिथे रबराचे वेष्टण चढवले. जुन्या फिल्टरचे पॅकिंग इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहिले. ते राहिले आणि त्यावर नवे बसले तर गळती अटळ. नव्या पॅकिंगला ऑईलचे बोट लावून फिल्टर हाताने बसवला, टेकल्यावर पाऊण फेरा. पाना लावला नाही.

सुरू करण्याआधी कूलरमध्ये ऑईल भरून घेतले. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन थोडे थोडे फिरवले, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. मगच फ्यूज लावला. दोन मिनिटे चालवून, थांबून, पट्टी पाहिली तर पातळी अर्ध्या लिटरने उतरलेली. तेवढे ऑईल नळ्यांत आणि कूलरात गेले होते, ते पुन्हा घातले. रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्राचे कागद पसरून ठेवले. सकाळी वहिनी स्वतः वाकून ते कागद पाहून गेल्या. कोरडे होते. जुने ऑईल आम्ही डब्यात भरून सांगलीला आणले. आमच्या पेढीवर वापरलेले ऑईल साठवून मान्यताप्राप्त शुद्धीकरण करणाऱ्याला देण्याची पद्धत आहे. ओढ्यात किंवा गटारात एक थेंब सोडायचा नाही, ही वडिलांची ताकीद आजही चालते.

खर्च सांगितल्याशिवाय हा लेख आपल्या वाचकांना अपुरा वाटेल. वाढीव कूलर, चकती, नळ्या आणि मजुरी मिळून तीस हजारांच्या आत. चेंबर, जाळी, मूळ कूलर, ऑईल, कूलंट हे वेगळे, साधारण तेवढेच. नव्या इंजिनाच्या आकड्याचा तो लहानसा अंश होता. केवळ सपाटीवर फिरणाऱ्या गाडीसाठी यातला पहिला खर्च करू नका, दुसरा मात्र टाळू नका, असे मी दुकानात येणाऱ्या तरुणांना सांगतो. काहींना ते आवडत नाही, कारण दिसण्यासारखी वस्तू पहिल्याच खर्चात आहे.

श्रावण उतरता उतरता यवतेश्वरचा घाट पुन्हा चढलो. ऋतू वेगळा, हवा थंड, म्हणून त्या दिवसाच्या १०३ अंशांवर मी विश्वास ठेवला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, चौघांना घेऊन, पसरणीत पाहिले तेव्हा १०८ च्या वर काटा गेला नाही. बाजारात फिरताना तो पूर्वीइतकाच चढतो, म्हणजे चकती आपले काम चोख करते आहे. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवायची, एवढा एक नियम पुतण्याने पाळायचा आहे. टर्बोच्या घरात उभे राहिलेले ऑईल तिथल्या उष्णतेने करपते आणि त्यावर कोणत्याही कूलरचा इलाज चालत नाही.

पाडव्याच्या आठ दिवस आधी वहिनी त्या गाडीतून साताऱ्याहून सांगलीला आल्या. वाटेत त्यांनी दोनदा विचारले म्हणे, “तो काटा किती सांगतोय?” दुकानात आल्यावर त्यांनी पुण्याच्या त्या शौकिनाचा क्रमांक माझ्याकडून मागून घेतला आणि स्वतःच त्यांना नकार कळवला. पुतण्याची वही आता गाडीच्या कप्प्यात असते. तारीख, किलोमीटर, ऑईलचा दर्जा, फिल्टरचा क्रमांक, आणि प्रत्येक जुना फिल्टर कापून पाहिल्यावर काय आढळले त्याची नोंद. पहिल्या दोन फिल्टरांत जुन्या खरपुडीचे काळे कण होते. तिसऱ्याच्या घड्यांत बोट फिरवले तर बोटाला नुसते ऑईल लागले.